नेहमीचा जखमी

माझ्या नवऱ्याला आमची सगळी गल्ली पेशंट म्हणते. त्याला आजार एकही नाही. भूक उत्तम, झोप त्याहून उत्तम, आणि वजन असं की कुणी ‘खायला काळ आणि भुईला भार’ म्हटलं की लोक आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. समोर मी त्याला अहो-जाहो करते. इथे अरे-तुरे करणार आहे. मला त्याचा राग आला होता आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

हे नाव कसं पडलं ते सांगते. आमची वस्ती समुद्राला चिकटून आहे. खाली बंदर, बंदराला लागून आमची गल्ली, गल्लीच्या टोकापासून सुरू होणारा चढ आणि चढ संपतो तिथे शाळेचं मैदान. जमीन आमच्याकडे पहिल्यापासूनच हलते. दुसरीकडे लोक वाईट बातमी ऐकली की पायाखालची जमीन सरकली म्हणतात. आमच्याकडे ती चहा पिता पिता सरकते आणि कुणी कपसुद्धा खाली ठेवत नाही. दिवा झुलतो, मांडणीवरची भांडी किणकिणतात, शेजारीण खिडकीतून विचारते, “तुला जाणवला का गं?” आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. पण गेलं वर्षभर धक्के वाढले होते. आठवडा कोरडा जात नव्हता. धक्क्यामागून समुद्र आत शिरू शकतो, असं सांगत सरकारी जीप कर्णा लावून फिरायला लागली. धक्का जोराचा असो नाहीतर नुसता लांबलेला असो, भोंग्याची वाट बघू नका, समुद्र बघायला जाऊ नका, सरळ चढ चढा आणि मैदान गाठा.

मग चढ चढायचा सराव घ्यायला समिती निघाली. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले एक सर तिचे प्रमुख झाले. निवृत्त झाले तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही, म्हणून ते शिट्टी सर. पहिल्या सरावाच्या बैठकीत त्यांनी विचारलं, “जखमी कोण होणार?” भर रस्त्यात आडवं पडायला कुणी तयार होईना. तेवढ्यात मागच्या बाकावरून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, “मी पडतो.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. या माणसाचा सगळा इतिहास पडून राहण्याचा आहे. सासूबाई सांगतात, शाळेच्या नाटकात त्याने मेलेल्या राजाचं काम मागून घेतलं होतं, कारण ते झोपून करायचं होतं. दुसरा प्रवेश सुरू झाला आणि राजा घोरायला लागला. मोठा झाल्यावर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लागला. तिथे मात्र तो मान मोडून काम करतो, हे मला कबूल करायलाच हवं. लोखंडी आकड्याने बर्फाची लादी ओढायची, उताराच्या फळीवर सोडायची, पुढची ओढायची. हात असे की बाटलीचं झाकण त्याच्याकडे नुसतं न्यायचा अवकाश. पण हे सगळं सपाटीवर. घरी आला की खाट आणि तो. जिन्याच्या पलीकडे कुठलीही चढण त्याने कधी चढलेली माझ्या बघण्यात नाही. माझं कपडे उसवून-शिवून द्यायचं दुकान चढाच्या वरच्या अंगाला आहे. इतक्या वर्षांत तो तिथे येऊन गेला असेल तर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून.

तर पहिला सराव झाला. बेकरीसमोरच्या ओट्याशी हा पडला. बेकरीवाला, त्याचा भाऊ, सायकलवाला आणि पोस्टमन अशा चौघांनी समितीचं स्ट्रेचर आणलं, याला त्यावर घातलं, पट्टे आवळले आणि उचललं. सगळी गल्ली धापा टाकत चढ चढली आणि हा आभाळ बघत वर गेला. वर पोचल्यावर लोकांनी सर्वांत जास्त टाळ्या याला दिल्या. कारण अर्ध्या वाटेवर याला काय स्फुरलं कोण जाणे, याने हात वर करून आरोळी ठोकली होती, “मला सोडा! आधी बाकीच्यांना वाचवा!”

झालं. तेव्हापासून दर सरावाला जखमी हाच. कधी पाय मोडलेला, कधी डोक्याला लाल शाई लावलेली, एकदा तर बेशुद्ध, आणि बेशुद्धीतसुद्धा ‘मला सोडा’ होतंच. पोरं आधीपासून बेकरीसमोर गर्दी करायची. बेकरीवाला म्हणायचा, “पेशंट, आज पाव कमी खा रे, आमच्या खांद्यांचा विचार कर.” सरावाच्या आदल्या दिवशी हा आरशासमोर कण्हून बघायचा आणि मला विचारायचा, “अगं, हे कण्हणं बरगडीचं वाटतं का?”

“आळसाचं वाटतं,” मी म्हणायची.

आता खरी गोष्ट. आमच्या घरात उचलून न्यावं लागेल असं एक माणूस खरोखरच होतं आणि आहे. सासूबाई. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसवली, तेव्हापासून त्या घरातल्या घरात वॉकर धरून चालतात. जिना त्यांच्यासाठी संपला. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, खाली दोरखंडाचं दुकान. जिना लाकडी, अरुंद, मधे कोपऱ्यात वळतो. सासूबाईंचा दिवस खिडकीत जातो. खिडकी बरोबर बेकरीसमोर, त्यामुळे कोण पाव घेतं आणि कोण नुसतं बोलायला येतं याची त्यांना बित्तंबातमी असते. वर चढावर कुठे खोली मिळते का ते मी बघत होते, पण तिथे आधीच माणसांवर माणसं राहतात.

पहिल्या सरावाच्या वेळी शिट्टी सर खिडकीखाली उभे राहून म्हणाले होते, “आजी, तुम्ही निवांत खिडकीतून बघा. तुम्हाला माफ.” सासूबाईंनी हात हलवला. सगळ्यांना बरं वाटलं. दर सरावाला तेच. ज्यांना चालता येतं ते चालायचे, ज्याला चालता येतं पण चालायचं नाही त्याला चौघं उचलायचे, आणि जिला चालता येत नाही ती खिडकीतून टाटा करायची. समुद्रानेही तिला माफ केलंय का, हे विचारणारी सगळ्या गल्लीत मी एकटी.

मी विचारलं, आणि एकदा नाही. बैठकीत उभी राहून म्हटलं, “सर, जखमी म्हणून आमच्या आईंनाच न्या की. निदान स्ट्रेचर आमच्या जिन्यावरून उतरतं का ते तरी एकदा बघा.”

“वहिनी, त्यांना या वयात कशाला त्रास?” सर म्हणाले. “वेळ आली की चार हात आपोआप पुढे होतात.”

“हात होतील हो. जिना होईल का पुढे?”

लोक हसले. माझं बोलणं हे असं जातं. मी चिडून बोलते म्हणून लोकांना विनोदी वाटतं. बेकरीवाल्याच्या भावाने तर हळूच मागून जोडलं, “वहिनी, पेशंटची जागा काढून घेऊ नका, त्याचं एवढंच तर करिअर आहे.” आणि माझा नवरा, ज्याची ती आई, तोही हसला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी वर्षभर ओतत होते.

घरात जे हातात होतं ते केलं. कपाट भिंतीला पट्ट्या मारून घेतलं. जड डबे मांडणीच्या वरून खाली आणले. सासूबाईंच्या खाटेवरची तसबीर काढली. दाराशी एक पिशवी भरून ठेवली: बॅटरी, पाण्याच्या बाटल्या, सासूबाईंच्या गोळ्या, बिस्किटं. त्यातली बिस्किटं मी पुन्हा पुन्हा भरत होते, कारण भूकंप येवो न येवो, पेशंटला चार वाजता भूक यायचीच. “अहो, ती संकटाची बिस्किटं आहेत,” मी ओरडायची. तो म्हणायचा, “मऊ पडण्याआधी संपवलेली बरी. संकटात मऊ बिस्किटं कोण खाणार?” मी हात टेकले होते.

तो दिवस कारखान्याच्या सुट्टीचा होता. यंत्र दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून पेशंट घरी. मी दुकानात एका पॅंटची कंबर मोकळी करत बसले होते. पहिला हिसका बसला तेव्हा मी सवयीने दिव्याकडे पाहिलं. दिवा झुलत नव्हता, गरगरत होता. मग जमिनीतून मोठा आवाज आला आणि शिलाईचं मशीन माझ्यापासून दूर चालायला लागलं. मी कापडं कापायच्या टेबलाखाली शिरले आणि त्याचा पाय धरून बसले. कात्री माझ्या शेजारी पडली. बटणांची बरणी फुटली. मी मनात म्हणत होते, आता थांबेल, आता थांबेल. थांबलं नाही. लांबलेला धक्का म्हणजे काय ते तेव्हा कळलं. जीपवाला ओरडून सांगत होता ते हेच.

थांबल्यावर बाहेर आले. भोंगा वाजत नव्हता. नंतर कळलं, त्याची वीजच गेली होती. पण लोक चढून येत होते. एवढ्यासाठी मी समितीचे आभार मानते, सरावाचा फायदा नाही असं माझं म्हणणं नाही. पोरं हात धरून, बायका मुलं काखोटीला मारून, कुणी समुद्राकडे वळूनसुद्धा न बघता येत होते. मी मैदानाच्या तोंडाशी उभी राहून एकेक चेहरा बघत होते. मला स्ट्रेचर दिसायला हवं होतं. एवढे सराव केलेत, स्ट्रेचर येणारच, आणि त्यावर सासूबाई असणार. मी स्वतःला हेच सांगत होते.

स्ट्रेचर आलं. चौघांनी चार कोपरे धरलेले, पावलं एका तालात, अगदी शिकवल्याप्रमाणे. स्ट्रेचर रिकामं होतं.

मी बेकरीवाल्याचा सदरा धरला. “आई कुठे आहेत?”

त्याला बोलता येईना इतका दम लागला होता. “वहिनी, आम्ही नेहमीच्या जागी गेलो. ओट्यापाशी. तिथे पेशंट नव्हता. थोडं थांबलो. हाक मारली. मग म्हटलं आता निघावं.”

“आणि रिकामं स्ट्रेचर वाहून आणलंत?”

“समितीचं आहे ना,” सायकलवाला म्हणाला. “खाली कसं टाकून येणार?”

समोर खिडकी. खिडकीत रोज बसलेली म्हातारी. हे चौघं तिच्या नाकाखाली जखमी शोधत उभे राहिले आणि जखमी मिळाला नाही म्हणून निघून आले! ही माणसं दुष्ट नाहीत हो. बेकरीवाला सासूबाईंसाठी रोज मऊ पाव बाजूला काढून ठेवतो. पण त्यांच्या डोक्यात उचलायचं माणूस म्हणजे ओट्यावर पडलेला माझा नवरा. दुसरं माणूस त्यांनी कधी उचललंच नव्हतं, तर ते आयत्या वेळी सुचणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी खाली धावले. खाली जायचं नसतं, हे मला पाठ होतं. सर मागून शिट्ट्या मारत होते. मी त्या ऐकल्या आणि धावत राहिले.

चढाच्या मध्यावर पाण्याची टाकी आहे. तिच्या भिंतीला टेकून पेशंट बसला होता, आणि त्याच्या पाठीवर सासूबाई. त्यांनी त्याच्या गळ्यात हात घातलेले, दुपट्याने स्वतःला त्याच्या अंगाशी बांधून घेतलेलं. त्याचा चेहरा जांभळा पडला होता. तोंड उघडं, पण आत हवा जात नसल्यासारखं. जिना तो आईला घेऊन उतरला होता, गल्ली पळत पार केली होती, आणि चढ लागल्यावर त्याचं काम संपलं होतं. इतके सराव झाले आणि हा चढ त्याच्या पायांना माहीतच नव्हता! तो पायांनी कधी चढलेलाच नव्हता.

आणि लोक शेजारून जात होते. खोटं सांगत नाही. मागे राहिलेले काही जण वर पळत होते, त्यातला एक ओरडला, “वा पेशंट! आज आईला पण घेतलं का नाटकात?” आणि दुसरा म्हणाला, “‘मला सोडा’ म्हण ना!” घाबरलेल्या माणसाला हसू फुटतं, मला ठाऊक आहे. तरी त्या दोघांची तोंडं मी विसरणार नाही.

पेशंट काही म्हणाला नाही. त्याला म्हणताच येत नव्हतं. सासूबाईच म्हणाल्या, “सूनबाई, हा आता कोसळेल. मला इथे भिंतीशी ठेव आणि याला वर ने.”

“गप्प बसा आई,” मी म्हटलं. सासूला असं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. मी दुपट्याची गाठ सोडायला लागले. माझ्याने त्या उचलवणार नव्हत्या, हेही मला माहीत होतं. तेवढ्यात मागून पावलं वाजली. चौघं स्ट्रेचर घेऊन खाली आले होते. बेकरीवाल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंना स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे लावले आणि ते निघाले. मी पेशंटच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि त्याला ढकलत वर नेलं. दर दहा पावलांवर तो थांबायचा आणि मी त्याला शिव्या द्यायची. शिव्या देता देता रडत होते, हे सांगायला लाज कसली?

पाणी नंतर आलं. भिंतीसारखं उभं वगैरे नाही. आधी बंदर रिकामं झालं, होड्या चिखलात कलंडल्या. मग तपकिरी पाणी आवाज न करता चढत आलं आणि येतच राहिलं. खोकी, टोपल्या, बेकरीचा बाक, सगळं उचललं. आमच्या गल्लीत शिरलं, दोरखंडाचं दुकान भरलं, जिना चढून वळणापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. आमच्या घरात आलं नाही. पण ते थांबणार आहे, हे वर उभ्या माणसाला काय माहीत? मैदानाच्या कठड्यावरून मी आमच्या खिडकीकडे बघत होते आणि तिथे कुणी बसलेलं नाही याची पुन्हा पुन्हा खात्री करून घेत होते.

रात्रीपुरतं सगळ्यांना शाळेच्या वर्गांत ठेवलं. अंधार पडायच्या आत शिट्टी सर वर्गावर्गातून फिरून माणसं मोजून गेले. आमच्या गल्लीतलं एकही माणूस कमी नव्हतं. सरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “बघा. सराव शंभर टक्के यशस्वी.”

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, रिकामं स्ट्रेचर, पाण्याची टाकी आणि जिन्याचं वळण या तिन्ही गोष्टी मी सगळ्या वर्गासमोर मोठ्या आवाजात सांगितल्या. सर म्हणाले, “वहिनी, शेवटी सगळे वाचले ना?” आणि तिथे मी संपले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. आमचा बैल जाता जाता राहिला, म्हणून आता झोपा करायचंही कुणाला कारण उरलं नव्हतं.

पेशंट भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याशी बोलत नव्हते. शेवटी तोच हळू आवाजात म्हणाला, “अगं, मी आईला खिडकीशी आणून बसवलं आणि वाट बघत राहिलो.”

“कुणाची?”

“स्ट्रेचरची.” तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. “मला वाटलं, येतील वर. नेहमी येतात ना. ते खाली ओट्यापाशी उभे दिसले, तरी मला वाटलं आता येतील. मी हाकसुद्धा मारली नाही. ते निघून गेले तेव्हा लक्षात आलं, की ते मला शोधत होते.”

हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. म्हणजे पाणी निघालेलं, खाली चौघं वर बघत नाहीत, वर हा खाली हाक मारत नाही, आणि मधे आमचा जिना. दोघंही आपापल्या नेहमीच्या जागी एकमेकांची वाट बघत उभे. मी त्याला म्हटलं, “तुम्ही जगात असे एकटेच असाल, ज्यांना संकटात दुसऱ्यांनी उचलून न्यायची सवय लागली.” तो म्हणाला, “हो.” नुसतं हो. एरवी त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक वाक्य तयार असतं.

घर धुऊन, चिखल काढून, दोरखंडवाल्याचं दुकान पुन्हा उघडेपर्यंत बरेच दिवस गेले. धक्के येतच होते, लहान लहान. पेशंट कारखान्यातून सुटला की टाकीपर्यंत चालत जायला लागला. कुणी विचारलं की म्हणायचा, पाव आणायला चाललोय, आणि बेकरी उलट्या दिशेला. मी काही बोलले नाही. कौतुक केलं की हा दुसऱ्या दिवशी बसतो, हे मला ठाऊक आहे.

मग सर आले. पुढच्या सरावाचा दिवस ठरला होता. दारातूनच म्हणाले, “पेशंट, यावेळी खांदा निखळलेला दाखवू या. लोक तुझी वाट बघतायत.”

पेशंट खाटेवर उठून बसला. “मी पडणार नाही, सर. यावेळी आई.”

“अरे, आजींना आत्ताच एवढं सगळं झालंय. त्यांना कशाला आता...”

“मास्तर,” सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, “मला बुडण्यापेक्षा त्रास बरा पडेल. आणि मी काही पावाची टोपली नाही, मलाही विचारत जा.”

सरावाच्या दिवशी शिट्टी वाजली आणि चौघं स्ट्रेचर घेऊन आमच्या जिन्यावर आले. वळणावर ते अडकलं. आडवं केलं, तिरकं केलं, वर उचललं; पुढचं टोक भिंतीत आणि मागचं कठड्यात. उभं करावं तर सासूबाईंच्या खुब्याला ते चालणार नाही. वर्षभर मी हेच सांगत होते. बेकरीवाला माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाला, “खुर्ची आहे का?” खुर्ची दिली. स्ट्रेचर खाली नेऊन ठेवलं, सासूबाईंना खुर्चीवर बांधलं. वरून बेकरीवाला आणि सायकलवाला, खालून पाठमोरा उतरणारा पेशंट. वळणावर खुर्ची वळली, पण पेशंटचं पोट वळेना. तो भिंत आणि खुर्ची यांच्या मधे बुचासारखा बसला. बेकरीवाल्याची बोटं कठड्याला घासून सोलली. कुणी म्हणे वर घ्या, कुणी म्हणे खाली सोडा. सासूबाई पाय आवरून बसल्या होत्या, आणि मागे पाणी आलं होतं त्याचा डाग त्यांच्या चपलेला लागून भिंतीवर होता.

खाली दुकानात सर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे होते. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली, काढली, पुन्हा लावली आणि वाजवली. म्हणजे वेळ संपली, पाणी आलं.

जिन्यावर कुणी हललं नाही. बाहेर पोरं जमली होती, तीही गप्प. आमच्या सरावात कुणी हसलं नाही असं पहिल्यांदाच झालं. पेशंटच्या कपाळावरून घाम गळून खुर्चीच्या पायावर पडत होता. सर खालून चाचरत म्हणाले, “असू दे. पहिलीच वेळ आहे. आपण जवळजवळ यशस्वी असं...”

“जवळजवळ काय?” सासूबाई म्हणाल्या. “मी मेले ना? आणि माझ्याबरोबर हे तिघं. हो की नाही, सांगा सरळ.”

सरांनी हातातली शिट्टी खाली सोडली.

“हो,” पेशंट म्हणाला. “आई, आपण मेलो.”

“मग उचला. परत वर न्या मला, आणि यावेळी खाली तू नको, सायकलवाल्याला घाल, तो काटकुळा आहे. पुन्हा करा.”

“जरा दम घेऊ दे गं आई.”

“समुद्राला सांग.”

पेशंटने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग त्याने खाली वाकून खुर्चीचे पुढचे पाय धरले, बेकरीवाल्याने सोललेल्या हातांनी आणि सायकलवाल्याने पाठ धरली, मी मधून सासूबाईंचे गुडघे धरले, आणि आम्ही त्यांना पुन्हा वर नेऊ लागलो.